श्रोत्याची जागा : रायपूर परिसरातील कथनकला आणि तिची परिभाषा

कथानक, निवेदक, प्रतीक, उपरोध, पूर्वसूचना, फँटसी या संज्ञा मराठी वाचकाला बहुधा पाठ्यपुस्तकांतून भेटतात आणि तेथे त्या व्याख्यांच्या रूपाने एकाखाली एक मांडलेल्या असतात. त्यामुळे गोष्ट आधी सांगितली जाते आणि अभ्यासक मागाहून तिच्या अवयवांना नावे देतो, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात कथनाची साधने सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातील व्यवहारातून घडत आली आहेत. श्रोता समोर बसलेला आहे, छापील पानापलीकडे दूर आहे, की लेखकाच्या मनातच वावरतो आहे, यावर कोणते साधन उपयोगी पडेल हे ठरते, आणि श्रोत्याची जागा बदलली की साधनेही बदलतात. छत्तीसगडमधील रायपूर आणि त्याच्या आसपासचा मुलूख या दृष्टीने फार मोलाचा आहे, कारण मौखिक गायन, लोकनाट्य, नियतकालिकातील लघुकथा, आधुनिक रंगभूमी आणि नवकविता अशा कथनाच्या निरनिराळ्या अवस्था तेथे थोड्या अंतरावर आणि एकमेकींच्या सान्निध्यात वाढल्या. या इतिहासातील दोन महत्त्वाचे लेखक मराठी घरांतून आलेले होते, हे मराठी वाचकाने विशेष ध्यानात घ्यावे असे आहे.

या प्रदेशाचा मराठीशी संबंध अठराव्या शतकापासूनचा आहे. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी १७४१ मध्ये रतनपूरवर स्वारी केली आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. १७८७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर नागपूरहून नेमलेल्या सुभेदारांकडे हा मुलूख आला. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी भोसल्यांच्या वतीने कारभार हाती घेतला, तेव्हा मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलले, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हा छत्तीसगडही कंपनीच्या ताब्यात गेले. या शतकाभरात आणि त्यानंतरही कारकून, शिक्षक, वकील, पुजारी अशा नात्यांनी अनेक मराठी कुटुंबे रायपूर, बिलासपूर आणि राजनांदगाव येथे स्थिरावली. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी आणि शाळेत व छापखान्यात हिंदी असा त्यांचा भाषाव्यवहार राहिला.

हुंकारू आणि रागी

छत्तीसगडमधील सर्वांत प्रसिद्ध कथनप्रकार म्हणजे पंडवानी, अर्थात पांडवांच्या कथेचे गायन. परधान आणि देवार या गाणाऱ्या जमातींनी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आणि विसाव्या शतकात ती गावोगावच्या मंचांवर आली. झीपन गावचे नारायणप्रसाद वर्मा हे पंडवानीच्या ज्ञात गायकांतील आद्य मानले जातात. पुढे झाडूराम देवांगन, पूनाराम निषाद आणि तीजनबाई यांनी तिला देशभर आणि देशाबाहेर नेले. तीजनबाईंना २०१९ मध्ये पद्मविभूषण देण्यात आले.

या गायनात मुख्य गायकाच्या जोडीला ‘रागी’ असतो. तो गाण्याची ओळ उचलतो, मध्येच प्रश्न विचारतो, आश्चर्य व्यक्त करतो, आणि कथा पुढे सरकत असताना ‘हुंकारू’ देतो, म्हणजे होकाराचा आवाज करून आपण ऐकतो आहोत याची खूण पटवतो. घरात आजी गोष्ट सांगते तेव्हा मुलांनीही असाच हुंकारू द्यायचा असतो आणि तो थांबला की गोष्टही थांबते. रागी हा वरवर साथीदार असला, तरी कथनाच्या दृष्टीने तो मंचावर बसवलेला श्रोता असतो. समोरच्या शेकडो लोकांच्या मनात जी शंका उमटते ती तो बोलून दाखवतो, आणि त्यामुळे गायकाला उत्तराच्या निमित्ताने पात्रांचे नातेसंबंध, आधीचा वृत्तान्त किंवा एखाद्या कृतीचे कारण कथेचा ओघ न तोडता सांगता येते. कथा-कादंबरीच्या परिभाषेत ज्याला पूर्ववृत्तनिवेदन म्हणतात, म्हणजे आधी घडून गेलेल्या गोष्टी वाचकाला कळवण्याची सोय, ती येथे संवादाच्या रूपाने साधली जाते. मराठी पोवाड्यातील झीलकरी आणि गोंधळातील प्रश्न विचारणारा साथीदार हे याच कुळातील आहेत.

पंडवानीच्या दोन शाखा सांगितल्या जातात. ‘वेदमती’ शाखेत गायक बसून, लिखित परंपरेला धरून गातो आणि सबलसिंह चौहान यांच्या दोहा-चौपाईतील महाभारताचा आधार घेतो. झाडूराम देवांगन हे या शाखेचे थोर गायक होत. ‘कापालिक’ शाखेत गायक उभा राहून, फिरत, अभिनय करत गातो आणि कथेत स्मरणाने व कल्पनेने भर घालण्याची मोकळीक घेतो. स्त्रियांनी बसूनच गावे अशी रूढी असताना तीजनबाईंनी ही उभी शैली स्वीकारली. या दोन शाखांतील भेद निवेदकाच्या स्थानाचाही आहे. कथा सांगणारा जो आवाज, तो निवेदक. सर्व पात्रांच्या मनातले जाणणारा आणि स्वतः घटनेबाहेर राहणारा तो सर्वज्ञ निवेदक. वेदमती गायक बव्हंशी या सर्वज्ञ स्थानावर राहतो. कापालिक गायिका मात्र एका वाक्यात निवेदक असते, दुसऱ्यात भीम होते, तिसऱ्यात द्रौपदी होते आणि चौथ्यात पुन्हा निवेदनाकडे परतते. ही ये-जा प्रेक्षकाला गोंधळात पाडत नाही, कारण प्रत्येक वळणावर रागीचा हुंकारू आणि वाद्यांचा ठेका त्याला बदलाची सूचना देत असतात.

तीजनबाईंच्या हातातील मोरपिसांनी सजवलेला तंबूरा या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. सूर धरण्यासाठी हाती घेतलेला तोच तंबूरा खांद्यावर गेला की भीमाची गदा होतो, आडवा धरला की अर्जुनाचे धनुष्य होतो, कधी रथ होतो, तर कधी द्रौपदीचे मोकळे केस होतो, आणि प्रसंग संपताच पुन्हा वाद्य होऊन सुरात येतो. येथे संकेत आणि प्रतीक या दोन संज्ञांमधील फरक स्पष्ट दिसतो. सांगणारा आणि पाहणारा यांच्यात मूकपणे ठरलेला करार म्हणजे संकेत, आणि तंबूऱ्याला गदा मानणे हा असा करार आहे. एखादी वस्तू स्वतः वस्तू म्हणून राहूनच तिच्याहून मोठा अर्थ वाहू लागते, तेव्हा ती प्रतीक होते. गदा म्हणून उचललेला तंबूरा हा संकेत असतो; परंतु द्रौपदीच्या केसांच्या जागी तो कुरवाळला जातो आणि अपमानाची सारी आठवण त्यात गोळा होते, तेव्हा तो प्रतीकाच्या पदवीला पोहोचतो.

पंडवानीत, विशेषतः परधानांच्या कथांत, भीमाला मोठे स्थान आहे. बलवान, खादाड, लवकर संतापणारा पण अन्याय सहन न करणारा भीम शेतकरी आणि वनवासी श्रोत्यांना जवळचा वाटला. घटना त्याच असल्या तरी कोणाच्या बाजूने त्या पाहिल्या जातात, याला कथनशास्त्रात दृष्टिकोन म्हणतात, आणि दृष्टिकोन बदलला की नायकही बदलतो. लोकपरंपरेने महाभारताचे कथानक फारसे न मोडता त्याचा नायक हलवला, याचा अर्थ तिला या साधनाचे सामर्थ्य पुरते ठाऊक होते.

नाचा आणि गम्मत

छत्तीसगडचे लोकनाट्य ‘नाचा’ या नावाने ओळखले जाते. रात्रभर चालणाऱ्या या खेळात गाणे-नाचणे आणि ‘गम्मत’ ही छोटी विनोदी नाटुकली आलटून पालटून येतात. स्त्रीवेषातील पुरुष नट ‘परी’ म्हणून नाचतो आणि ‘जोक्कड’ म्हणजे विदूषक गम्मत रंगवतो. एके काळी वादक वाद्ये कमरेला बांधून उभ्यानेच साथ करत, म्हणून त्या प्रकाराला ‘खडे साज’ म्हणत. राजनांदगावजवळच्या रवेली गावचे दुलारसिंह साव, म्हणजेच दाऊ मंदराजी, यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस आपली मंडळी संघटित केली, चिकाऱ्याच्या जागी हार्मोनियम आणले आणि गम्मतीत अस्पृश्यता, सावकारी यांसारखे विषय घातले.

गम्मतीला लिखित संहिता नसते. कथेचा सांगाडा ठरलेला असतो आणि संवाद नट त्या त्या रात्री समोरच्या गावाकडे पाहून रचतात. मराठी तमाशात गण आणि गवळणीनंतर येणारी बतावणी व पुढचा वग यांची घडणही अशीच असून सोंगाड्या आणि जोक्कड हे सख्खे भाऊ शोभतात. उपहास आणि उपरोध या दोन संज्ञांची उदाहरणे गम्मतीत जागोजागी सापडतात. एखाद्या व्यक्तीचे किंवा रूढीचे वैगुण्य उघडपणे हास्यास्पद करणे हा उपहास. बोलायचे एक आणि सुचवायचे त्याच्या उलट, हा उपरोध. जोक्कड सावकाराच्या चालीची नक्कल करतो तेव्हा तो उपहास असतो, आणि त्याच सावकाराच्या दानशूरपणाचे गंभीर चेहऱ्याने गुणगान करतो तेव्हा तो उपरोध असतो. उपरोध समजण्यासाठी श्रोत्याला वस्तुस्थिती आधी माहीत असावी लागते. गम्मतीतील सावकार गावाच्या ओळखीचा असल्यामुळे तो तेथे सहज कळतो. लेखनात मात्र ही ओळख लेखकाला आधी घडवून द्यावी लागते.

छापील पानावरची टोपली

ही अडचण ज्यांच्यापुढे प्रथम आली त्यांत माधवराव सप्रे यांचे नाव अग्रभागी आहे. मराठीभाषक कुटुंबातील सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला आणि त्यांचे शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे झाले. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी रामराव चिंचोळकर आणि वामन बळीराम लाखे यांच्या सहकार्याने ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक पेंड्रा येथून सुरू केले. त्याची छपाई आरंभी रायपूरला होत असे. पैशाच्या अडचणीमुळे ते १९०२च्या अखेरीस बंद पडले, परंतु तीन वर्षांत त्याने हिंदीत पुस्तकपरीक्षणाची शिस्त रुजवली. ग्रंथाचे गुणदोष कारणांसह सांगणे, ज्याला तेव्हा समालोचना म्हणत, ते या मासिकाचे नित्याचे काम होते. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या परिभाषाकोशासाठी अर्थशास्त्रातील संज्ञा सिद्ध करण्याचे कामही सप्र्यांनी केले. समर्थ रामदासांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणणारे सप्रे मराठी आणि हिंदी यांच्यातील मोठा दुवा ठरले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले.

१९०१ मध्ये याच मासिकात त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा प्रसिद्ध झाली आणि हिंदीतील पहिल्या कथेच्या मानासाठी पुढे जी नावे चर्चेत आली, त्यांत तिची गणना झाली. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे असते आणि शेजारच्या गरीब विधवेची झोपडी त्याच्या आड येते. वकिलांच्या मदतीने तो झोपडीवर कब्जा मिळवतो. विधवेच्या नातीने घर सुटल्यापासून अन्न टाकलेले असते. आपल्याच घरात भाकरी खाईन, असा तिचा हट्ट असतो. म्हणून विधवा टोपली घेऊन येते आणि चूल घालण्यासाठी झोपडीतली टोपलीभर माती मागते. परवानगी मिळाल्यावर ती टोपली भरते आणि डोक्यावर चढवायला हात लावण्याची विनंती जमीनदारालाच करते. त्याला ती टोपली जागची हलवता येत नाही. एका टोपलीचा हा भार पेलवत नसेल, तर या झोपडीतील हजारो टोपल्या मातीचा भार जन्मभर कसा पेलणार, असे विधवा त्याला विचारते. जमीनदाराचे डोळे उघडतात आणि तो झोपडी परत करतो.

एवढ्या छोट्या कथेत आधुनिक लघुकथेची बहुतेक साधने एकत्र आली आहेत. परस्परविरोधी इच्छांची टक्कर म्हणजे संघर्ष, आणि तो पहिल्या काही ओळींतच उभा राहतो. घटनांचा ओघ एकाएकी उलट दिशेने वळणे म्हणजे कलाटणी, आणि ती टोपली न उचलली जाण्याच्या क्षणी येते. माती हे प्रतीक आहे, पण ती आधी खरीखुरी चुलीची माती आहे. तिला कथेत व्यावहारिक काम नसते, तर तिचा अर्थ उपदेशासारखा चिकटवलेला वाटला असता. छापील पानाला रागी नसतो, त्यामुळे वाचकाची खात्री पटवण्याचे काम एका वस्तूवर आणि एका शारीरिक कृतीवर सोपवले गेले आहे. मराठीत हरि नारायण आपट्यांच्या ‘करमणूक’मधून १८९० पासून स्फुट गोष्टी येत होत्या; म्हणजे कमी शब्दांत पुरता परिणाम साधण्याचा प्रयत्न दोन्ही भाषांत जवळजवळ एकाच काळात चालू होता.

या कथेचे आणखी एक अंग मराठी वाचकाच्या चटकन लक्षात येते. महानुभाव परंपरेतील ‘दृष्टान्तपाठ’ या ग्रंथात केसोबासांनी चक्रधरांच्या वचनांची मांडणी सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशा तीन अंगांनी केली. सूत्र म्हणजे सिद्धान्त, दृष्टान्त म्हणजे तो पटवणारी छोटी गोष्ट आणि दार्ष्टान्तिक म्हणजे त्या गोष्टीचा सिद्धान्ताशी जुळवून दाखवलेला अर्थ. हरिदासी कीर्तनातही पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान येते, आणि आख्यानाचा अर्थ श्रोत्यांवर सोडून दिला जात नाही. सप्र्यांच्या कथेत विधवेचा अखेरचा प्रश्न नेमके दार्ष्टान्तिकाचे काम करतो. जुन्या बोधकथेचा हा शेवटचा टप्पा सप्र्यांनी टाकून दिला नाही. तो लेखकाच्या तोंडून काढून पात्राच्या तोंडी दिला, आणि या एका बदलाने बोधकथा लघुकथेच्या उंबरठ्यावर आली.

चरणदासचे पण

श्रोत्याला पुन्हा समोर आणण्याचे काम हबीब तन्वीर यांनी केले. १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूरला जन्मलेले तन्वीर तेथील लॉरी स्कूलमध्ये आणि नंतर नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, त्यांनी इंग्लंडमध्ये नाट्यशिक्षण घेतले आणि परतल्यावर १९५९ मध्ये ‘नया थिएटर’ ही संस्था उभी केली. १९७३ मध्ये रायपूरला त्यांनी नाचाच्या कलावंतांबरोबर दीर्घ शिबिर घेतले, आणि लोकनटांना त्यांच्याच छत्तीसगढी बोलीत मोकळे सोडण्याची त्यांची पद्धत तेथे पक्की झाली. राजस्थानी कथाकार विजयदान देथा यांच्या लोककथेवरून त्यांनी १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ रंगमंचावर आणले. १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात या नाटकाला पुरस्कार मिळाला.

नाटकाच्या आरंभी चरणदास हा चोर गुरूपुढे थट्टेने चार पण करतो : सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणूक काढून घेणार नाही, राणीशी लग्न करणार नाही आणि राजा होणार नाही. चोराच्या वाट्याला यांतले काही येण्याचा संभव नसल्यामुळे प्रेक्षक हसतात. गुरू त्याच्याकडून खोटे न बोलण्याचा पाचवा पणही घेतो. पुढे चोराच्या सचोटीची कीर्ती राणीपर्यंत पोहोचते आणि एकेक अशक्य गोष्ट त्याच्यापुढे चालून येते. तो प्रत्येक वेळी नकार देतो आणि अखेर याच पणांपायी प्राणाला मुकतो. पुढे घडणाऱ्या गोष्टींचे बीज आधीच्या निरुपद्रवी तपशिलात पेरून ठेवणे, याला पूर्वसूचना म्हणतात. उत्तम पूर्वसूचना पेरली जाताना ओळखू येत नाही आणि उगवल्यावर अपरिहार्य वाटते. येथे ती विनोदाच्या आवरणाखाली झाकली गेली आहे. पात्राच्या कृतीतून त्याच्या अपेक्षेच्या नेमके उलट फळ निघणे हा नियतीचा उपरोध, आणि थट्टेत केलेला पण जीवघेणा ठरणे हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

भरताच्या नाट्यशास्त्राने कथानकाची वाटचाल मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण अशा पाच संधींत विभागली आहे. बीज पेरले जाणे हा मुखसंधी, ते कधी दिसते कधी झाकले जाते तो प्रतिमुख, फळ हाती येईल अशी आशा दाटते तो गर्भ, मोठे विघ्न उभे राहते तो विमर्श आणि सारे धागे एकत्र येऊन शेवट होतो तो निर्वहण. चरणदासाचे पण हे बीज धरले तर ही पाचही वळणे या नाटकात सहज दाखवता येतात. प्रसंगांच्या मधोमध येणारी सतनामी परंपरेच्या पंथी नृत्यगीतांची योजना मात्र शास्त्राला न विचारता गावातून आली आहे. सत्याची थोरवी गाणारा हा गायकवृंद कथेबाहेर उभा राहून तिच्यावर भाष्य करतो, म्हणजे पंडवानीतील रागीचे काम एका माणसाऐवजी समूहाकडे येते.

अंतर्यामीचा श्रोता

रायपूरहून सुमारे ७० किलोमीटरवरच्या राजनांदगावात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध हे दिग्विजय महाविद्यालयात हिंदी शिकवत होते. मराठी घरात १३ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेले मुक्तिबोध हिंदी कवी झाले, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे नामवंत कवी आणि समीक्षक झाले. ११ सप्टेंबर १९६४ रोजी गजानन मुक्तिबोधांचे निधन झाले. ‘एक साहित्यिक की डायरी’ या त्यांच्या पुस्तकात कलानिर्मितीच्या तीन क्षणांचे विवेचन आहे. पहिला क्षण जीवनातील तीव्र अनुभवाचा; दुसरा त्या अनुभवाने आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून फँटसीचे रूप घेण्याचा; आणि तिसरा त्या फँटसीने शब्दांत उतरण्याचा, जेव्हा भाषा तिला पुन्हा बदलत राहते. फँटसी म्हणजे वास्तवापासून पळ काढणारी कल्पना, हा सामान्य समज मुक्तिबोधांनी खोडून काढला. त्यांच्या मते वैयक्तिक वेदनेला सर्वांची करण्यासाठी जे अंतर लागते, ते फँटसीमुळे मिळते.

त्यांच्या ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ या कथेत बारा वर्षे शिकलेला शिष्य अखेरच्या जेवणाला गुरूसमोर बसतो, आणि तूप आणण्यासाठी गुरू जागचा न हलता आपला हात लांबवत लांबवत स्वयंपाकघरापर्यंत नेतो. त्या एका कृतीने गुरू ब्रह्मराक्षस असल्याचे उघड होते. जवळचे ज्ञान कोणाला तरी दिल्याखेरीज त्याला मुक्ती नसते आणि आता तीच अट शिष्यावर येते. लोककथेतील अद्भुत म्हणजे अलौकिक घटनेने चकित करणे. येथे तेच अद्भुत ज्ञान साठवून ठेवणाऱ्या बुद्धिजीवीच्या नैतिक पेचाचे रूप घेते. ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेत तर अर्थ जुळवून देणारे पात्रही उरत नाही. दृष्टान्त आहे, पण दार्ष्टान्तिक वाचकाने स्वतः घडवायचे आहे, आणि रागीने विचारावेत असे प्रश्न कवी स्वतःलाच विचारतो आहे. पुढे रायपूरचे विनोद कुमार शुक्ल यांनी ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ या १९९७च्या कादंबरीत हेच अद्भुत एका सामान्य शिक्षकाच्या संसारात, खिडकीपलीकडच्या जगात आणि कामाला नेणाऱ्या हत्तीत इतक्या साधेपणाने आणले, की त्याच्यावर जादुई वास्तववादाचा शिक्का मारताना पुष्कळ सावध राहावे लागते.

हा सारा प्रवास एकत्र पाहिला म्हणजे संज्ञा कशा शिकाव्यात आणि शिकवाव्यात याविषयी काही निष्कर्ष निघतात. साधनाचे नाव पाठ करण्यापूर्वी ते कोणत्या श्रोत्यासाठी योजले होते, हे विचारावे लागते, कारण रागीचा प्रश्न, विधवेची टोपली, पंथीचा वृंद आणि कवीचा आत्मसंवाद ही एकाच गरजेची चार उत्तरे आहेत. मौखिक परंपरेला शास्त्र नव्हते, हे म्हणणे टिकत नाही. रागी, हुंकारू, वेदमती, कापालिक, गम्मत या संज्ञा तितक्याच काटेकोर असून त्या करणाऱ्यांच्या तोंडी आजही जिवंत आहेत. मराठी साहित्याच्या अध्यापनात भरताच्या आणि पाश्चात्त्य परिभाषेशेजारी झीलकरी, बतावणी, उत्तररंग, दार्ष्टान्तिक यांनाही कथनशास्त्राच्या संज्ञा म्हणून मानाचे स्थान मिळायला हवे, आणि सप्रे व मुक्तिबोध यांचे लेखन, ते हिंदीत असले तरी, मराठी मनाच्या कथनविचाराचा भाग म्हणून वाचले जायला हवे. असे झाले तर गोष्ट समजावून देणारी परिभाषा गोष्ट सांगायलाही शिकवील, आणि जिच्यातून ही परिभाषा जन्मली त्या कलेचे ऋण थोडेफार फिटेल.